न पुसता वगळलेली ओळ

मुलांनो, गणित सोडवताना एखादी पायरी चुकली असे वाटले, तर तुम्ही काय करता? हुशार विद्यार्थी ती लगेच खोडून टाकत नाही. तिच्यावर पेन्सिलीने बारीक रेघ मारतो. पायरी बरोबर होती असे कळले, की रेघ पुसतो.

संगणकाची आज्ञावली लिहिणारेही असेच करतात. समजा, तुम्ही गुणांची बेरीज करणारी आज्ञावली लिहिली. पण उत्तर चुकते आहे. एका ओळीचा तुम्हांला संशय येतो. ती पुसून टाकली आणि चूक दुसरीकडेच निघाली, तर? ती ओळ आठवून पुन्हा लिहावी लागेल. म्हणून ओळीच्या आधी एक खूण करतात. खूण दिसली, की संगणक ती ओळ वगळून पुढे जातो. ओळ मात्र जागेवरच राहते. याला 'कॉमेंट करणे' म्हणतात.

ही खूण सर्व संगणक-भाषांत सारखी नसते. उर्दूत वाक्याच्या शेवटी लहान आडवी रेघ येते, मराठीत टिंब येते. तसेच हे आहे. पायथॉनमध्ये ओळीच्या आधी # लिहितात. एसक्यूएलमध्ये -- लिहितात. सी भाषेत अनेक ओळी /* आणि */ यांच्यामध्ये ठेवतात. एका ओळीसाठी // ही खूण सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणात आली. एचटीएमएलमध्ये <!-- ने सुरुवात आणि --> ने शेवट होतो.

खूण चुकली, तर फजिती होते. एचटीएमएलच्या ओळीआधी // लिहिले, तर ओळ लपत नाही. उलट त्या दोन रेघाही पानावर दिसतात! सी भाषेत /* च्या आत पुन्हा /* लिहिले, तर पहिल्या */ पाशीच कॉमेंट संपते. पुढचा मजकूर संगणक आज्ञा म्हणून वाचतो आणि अडखळतो.

इतक्या खुणा लक्षात कशा ठेवायच्या? व्हीएस कोडसारख्या एडिटरमध्ये ओळी निवडून कंट्रोल आणि / या कळा एकत्र दाबा. योग्य खूण आपोआप लागते. पुन्हा दाबा, ती निघते. एडिटर बहुधा फाइलच्या नावातील शेवटच्या अक्षरांवरून भाषा ओळखतो. म्हणून फाइलचे नाव नीट द्या.

कॉमेंट संगणकासाठी नसते, माणसासाठी असते. म्हणून 'ही ओळ का वगळली' हे तुम्ही उर्दूत किंवा मराठीतही लिहू शकता. पण तेथे पासवर्ड कधीही लिहू नका. एचटीएमएलमधील कॉमेंट पानावर दिसत नाही, तरी पानाचा मूळ मजकूर उघडणाऱ्या कोणालाही ती वाचता येते.

शब्दार्थ
आज्ञावली – संगणकाला दिलेल्या आज्ञांचा क्रम
वगळणे – सोडून देणे
फजिती – गोंधळ होऊन हसे होणे

स्वाध्याय
१. संशय आलेली ओळ लगेच का पुसू नये?
२. पायथॉन आणि एसक्यूएल यांतील खुणा लिहा.
३. कॉमेंटमध्ये पासवर्ड का लिहू नये?