दिव्याला दिवाच दिसतो

पाबळहून रात्री शिरूरकडे निघालो, की समोरून गाडी येताच चालक अप्पर बंद करून डिपर लावतो. काही नव्या पिकअप गाड्या हे काम आपण होऊन करतात. कल्पना जुनीच. जनरल मोटर्सने १९५२ मध्ये अमेरिकेत त्यासाठी प्रकाशविद्युत नळी वापरली होती. आता पुढच्या काचेमागे कॅमेरा असतो. तो अंधारात प्रामुख्याने पांढरे व तांबडे ठिपके शोधतो.

गंमत इथेच आहे. चकचकीत फलकावरून आपलाच प्रकाश परतला, तरी झोत खाली येऊ शकतो. उलट, दिवा नसलेला पादचारी नजरेतून सुटू शकतो. मग झोत त्याच्या डोळ्यांवरच राहतो आणि त्याला रस्त्याची कड दिसेनाशी होते.

पाबळच्या विज्ञान आश्रमाची १९८३ पासूनची रीत म्हणजे हाताने करून शिकणे. आपणही करून पाहू. एलडीआर पुठ्ठ्याच्या नळीत बसवून मल्टिमीटरला जोडा. अंधाऱ्या खोलीत समोरून त्यावर टॉर्च पाडा. रोध एकदम घटेल. आता टॉर्च नळीशेजारी धरा. समोरच्या आरशानेही रोध घटेल. गडद कपड्यांतला विद्यार्थी उभा राहिला, तर फारसा फरक पडणार नाही.

आपल्या रस्त्यांवर पायी चालणारे पुष्कळ. त्यांच्यासाठी डिपर चालकानेच लावायला हवा.