समोरच्याची वही

संध्याकाळची चर्चगेट-विरार गाडी अंधेरी सोडून पुढे निघाली की बसायला मिळालेल्या चौघांच्या गुडघ्यांवर एखादी ब्रीफकेस आडवी होते आणि पत्ते पिसले जातात. कधी मेंढीकोट, कधी रमी. चर्चगेट ते विरार हे अंतर 60 किलोमीटरचे, त्यामुळे वेळेला तोटा नाही. भाईंदरची खाडी ओलांडून नायगाव मागे पडले की वसईला उतरणारे आवराआवर करू लागतात आणि शेवटचा डाव घाईने उरकतो.

या मंडळींचा खेळ नीट पाहावा. त्यांचे अर्धे लक्ष स्वतःच्या पत्त्यांवर आणि अर्धे समोरच्यावर असते. रमीत शेजाऱ्याने बदामाची अठ्ठी उचलली, तर बदामाची सत्ती किंवा नव्वी त्याच्या पुढ्यात टाकायची नाही, हे न सांगता कळते. मेंढीकोटात कुठली दश्शी अजून बाहेर आलेली नाही, याचा हिशेब डोक्यात चालू असतो. अमुक एक गृहस्थ हातात काही नसले की जास्त बोलतात, तमुक एकदम गप्प होतात, हे तर वर्षानुवर्षांच्या सहवासाने पाठ झालेले असते. इथे वही लागत नाही. माणूसच रोज समोर बसतो.

हाच खेळ मोबाइलवर गेला आणि माणूस नाहीसा झाला. ऑनलाइन पोकरमध्ये प्रत्येकाला दोन झाकलेली पाने मिळतात, मधे पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडतात आणि दर टप्प्याला पैशांची बोली लागते. समोर चेहरा नाही, हाताची थरथर नाही. आहे ते एक टोपणनाव, बोलीची रक्कम आणि ती लावायला घेतलेला वेळ. म्हणून तिथल्या मुरलेल्या खेळाडूंनी वहीची सवय लावून घेतली. टोपणनावावर बोट ठेवले की नोंद लिहायला चौकट उघडावी, अशी सोयच पुष्कळ ठिकाणी केलेली असे.

आता या नोंदी कशा लिहाव्यात, हेही एक शास्त्र आहे. ‘हा मूर्ख आहे’ किंवा ‘हा नुसता नशीबवान’ ही नोंद नव्हे, हरल्यावरचा राग आहे. उपयोगी नोंद म्हणजे डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट : ‘शेवटच्या पानावर मोठी बोली लावली, पत्ते उघडल्यावर हातात काही नव्हते.’ सोबत तारीख हवी, डावात किती जण होते ते हवे, आणि असे एकदा घडले की पाचदा, हेही हवे. एकदा पाहिलेल्या गोष्टीला स्वभाव म्हणायचे नाही. शिवाय नोंद शिळीही होते. सहा महिन्यांपूर्वी भित्रेपणाने खेळणारा आज सुधारलेला असू शकतो.

घरातल्या माणसांबद्दल आपण मनात ज्या नोंदी ठेवतो, त्यांना ही कसोटी लावून पाहा. ‘धाकटी जाऊ आळशी आहे’ ही नोंद, की राग? ती कोणत्या साली लिहिली होती, आणि नंतर कधी पुन्हा तपासली?

वाचकहो, एवढी चोख वही ठेवूनही हमी मात्र काही नाही. पोकरमध्ये दोन एक्के सरासरी 221 डावांत एकदा हाती येतात. ते आले आणि समोर एकच भिडू कुठल्याही पानांनिशी शेवटपर्यंत टिकला, तरी शंभरातले सुमारे 15 डाव आपण हरतोच. 2019 साली ‘प्लुरिबस’ नावाच्या संगणक प्रणालीने पाच-पाच व्यावसायिक खेळाडूंविरुद्ध 12 दिवसांत 10 हजार डाव खेळून बाजी मारली. गंमत अशी की समोरचा कसा खेळतो याप्रमाणे ती आपला खेळ बदलतच नव्हती. तिचा सारा भर आपल्या खेळात भोक राहू नये यावर होता.

आणि एक प्रतिस्पर्धी तर कोणाच्याच वहीत नव्हता. पैशांच्या टेबलावर खेळ चालवणारी कंपनी आपला हिस्सा कापून घेते. जिंकणारा बदलत राहतो, कापणारा बदलत नाही. तुम्ही इतरांच्या नोंदी ठेवता, तेव्हा तुमचा प्रत्येक डाव, प्रत्येक रुपया आणि रात्री किती वाजेपर्यंत जागलात, हे सारे कंपनीच्या संगणकात नोंदलेले असते. कित्येक घरांत पगार कुठे गेला हे बायकोला कळण्याआधी त्या संगणकाला कळले होते.

रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1968 साली म्हटले होते आणि पोकरवाले त्याच युक्तिवादाचा आधार घेत आले. पण ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तो चालवण्यावर आणि त्याची जाहिरात करण्यावर बंदी आली. 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि देशातल्या मोठ्या कंपन्यांनी पैशांचे डाव थांबवले. वर्षानुवर्षे जमवलेल्या वह्या एका आठवड्यात रद्दी झाल्या.

त्या वह्यांत एक पान मात्र बहुधा कोरेच राहिले असेल : स्वतःचे. मी कधी चिडून खेळतो? हरलेले परत मिळवायला किती वाजेपर्यंत बसतो? घरी कितीचा आकडा सांगतो आणि खरा किती असतो? हे पान आधी लिहिले असते, तर बाकीची वही लागलीच नसती.

विरार गाडीतल्या चौघांना हे पान लिहावे लागत नाही. आज कोण चिडून खेळतो आहे, हे बाकीचे तिघे तोंडावर सांगतात, हसतात आणि पत्ते गोळा करतात. स्टेशन आले की डाव मोडायचाच असतो. मोबाइलवरच्या डावाला हे स्टेशनच नव्हते.