गाणे थांबल्यानंतरची दोन मिनिटे

रात्रीचे नऊ वाजलेले. टीव्ही मोठ्याने चालू. धाकटा कानात इअरफोन घालून गणिते सोडवतोय आणि अम्मी अब्बांच्या दंडाला बीपी मशीनचा पट्टा बांधतेय. आकडा वाढलेला दिसला की आम्ही सगळे घाबरायचो. "दवा तर वेळेवर दिली होती," अम्मी म्हणायची. शेवटी डॉक्टरांनी विचारले, "मोजताना घरात शांतता असते का?" आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो.

हृदयाची गती आपल्या हुकमावर चालत नाही. ते काम स्वायत्त चेतासंस्थेचे. तिचा अनुकंपी भाग ठोके वाढवतो, परानुकंपी भाग ते कमी करतो. आवाज आणि ठेका कानावाटे याच संस्थेपर्यंत पोहोचतात.

इटलीतील पाविया विद्यापीठाचे डॉ. लुचानो बर्नार्दी यांनी 2006 साली 24 जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत 12 जण संगीत शिकलेले होते, 12 जण नव्हते. त्यांना सहा प्रकारचे संगीत ऐकवले. त्यात भारतीय रागही होता. जलद लयीने श्वास, ठोके आणि रक्तदाब वाढले. संगीत आवडीचे आहे की नाही, यापेक्षा त्याची लय महत्त्वाची ठरली. मध्येच दोन मिनिटांची शांतता ठेवली होती. त्या वेळी हे तिन्ही सुरुवातीच्या पातळीपेक्षाही खाली आले!

असे का होते? श्वास लयीच्या मागे जातो आणि हृदय श्वासाच्या मागे. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना व्हेगस नावाची चेता त्यांना आवरते. बर्नार्दींच्याच 2001 सालच्या अभ्यासात 23 जणांनी ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि योगातील मंत्र म्हटले. दोन्ही वेळी श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि हृदयाचे नियमन सुधारले.

संगीत ऐकावे की नाही, याबद्दल आपल्या घरांत वेगवेगळी मते आहेत. तो विषय उलमांचा. पण वरातीचा डीजे आणि शेजारचा स्पीकर कोणाला विचारून कानात शिरत नाहीत. आपल्या हाती आहे ते आपल्या घरातले बटण.

आता आमच्याकडे बीपी मोजण्याआधी टीव्ही बंद होतो. अब्बा पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसतात. कोणी बोलत नाही. धाकटाही तेवढा वेळ इअरफोन काढून ठेवतो. आकडा कधी कमी येतो, कधी नाही. गोळ्या चालूच आहेत. त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. पण आता जो आकडा येतो, तो अब्बांचा असतो, टीव्हीचा नव्हे. आणि त्या पाच मिनिटांत घरातल्या सगळ्यांनाच थोडा सुकून मिळतो.