मोटारगाडी शिकताना

पनवेलजवळच्या खांदा कॉलनीत सकाळी सकाळी फिरायला निघालात, तर एक गंमत दिसेल. रस्त्यावरून एखादी मोटार चाललेली असते. तिच्यावर पांढऱ्या पाटीवर लाल अक्षर असते. म्हणजे आत बसलेला माणूस शिकाऊ आहे. गाडी बेडकासारखी उडी मारते, गचका खाते आणि बंद पडते. बघणारे हसतात.

आम्हीही हसत होतो. मग साठी उलटल्यावर आम्ही स्वतःच शिकायला बसलो, आणि आमचे हसू पळाले! पण लाज कसली? तुम्ही मोठेपणी अक्षरे शिकलात, आम्ही मोठेपणी गाडी शिकलो.

गाडी उडी का मारते? कारण समजले की निम्मे शिकून झाले.

पिठाची गिरणी तुम्ही पाहिली आहे. पट्टा चाकावर असला की जाते फिरते. पट्टा काढला की यंत्र नुसतेच फिरते, जाते थांबते. मोटारीत हे काम क्लच करतो. डाव्या पायाने क्लच दाबला की इंजिन आणि चाके यांची फारकत होते. पाय सोडला की पुन्हा जोड होते. पाय एकदम सोडला, तर फिरते इंजिन थांबलेल्या चाकांना एकाएकी जोडले जाते. मग गचका बसणारच.

म्हणून असे करा. क्लच पुरता दाबा. डाव्या हाताने पहिला गिअर टाका. आता पाय हळूहळू वर घ्या. गाडीला बारीक थरथर सुटेल. तिथेच पाय जरा थांबवा. उजव्या पायाने थोडी रेस द्या. गाडी चालू लागली की क्लच सावकाश पूर्ण सोडा.

गिअर कशासाठी? मोठा धोंडा हलवायला आपण पहार घेतो. पहारीचे लांब टोक पुष्कळ हलते, धोंडा थोडाच हलतो. पण जोर मोठा मिळतो. पहिला गिअर तसाच आहे. इंजिन पुष्कळ फिरते, चाक थोडे फिरते, पण जोर जास्त. गाडी सुरू करताना आणि चढावर हा जोर लागतो. वेग आला की दुसरा, तिसरा, असे वरचे गिअर घ्यावेत.

एकदा आम्ही पुलाच्या चढावर थांबलो. पुन्हा निघताना पाय चुकला आणि गाडी मागे घसरू लागली. मागे भाजीची हातगाडी होती. शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्याने ब्रेक दाबला म्हणून निभावले. दोन दिवस आमचा हात थरथरत होता. तेव्हापासून चढावर थांबलो की आम्ही आधी हँडब्रेक ओढतो. निघताना गाडी पुढे ओढ घेऊ लागली की मगच तो सोडतो.

चढापेक्षा उतार जास्त फसवा. खंडाळ्याहून बोरघाट उतरून खोपोलीकडे येताना हे कळते. उतारावर गाडी गिअरमधून काढली की तेल वाचते, असे सांगणारे भेटतील. त्यांचे ऐकू नका. गिअर असला की इंजिन चाकांना आवरून धरते. गिअर काढला की सगळा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक सारखा दाबून तापतो, आणि फार तापला की धरतच नाही. म्हणून जाणते ड्रायव्हर सांगतात : ज्या गिअरने घाट चढाल, त्याच गिअरने उतरा.

आता परवान्याचे. मोटारीसाठी वय १८ पुरे लागते. आधी शिकाऊ परवाना मिळतो. तो ६ महिने चालतो. निदान ३० दिवस शिकल्यावर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. पूर्वी टॅक्सी, टेंपो, ट्रक चालवायचा परवाना हवा, तर आठवी पास असावे लागे. २०१९ साली ती अट सरकारने काढली. म्हणजे शाळा सुटलेल्या माणसालाही आता ही वाट मोकळी आहे.

पण अट गेली म्हणून वाचनाची गरज गेली नाही. 'पुढे वळण आहे', 'घाट सुरू', 'वेग कमी करा' या पाट्या कोण वाचणार? गाडी पाय आणि हात चालवतात हे खरे. पण जीव वाचवतात ते डोळे. तुमचे डोळे आता वाचू लागले आहेत. त्यांचा उपयोग करा.