पाहुण्याच्या खोलीतला गूळ-पाण्याचा तांब्या



बेणेप्रक्रिया, लागणीचे अंतर, खोडव्याची मशागत या विषयांवर आम्ही या पानावर नेहमी लिहितो. या खेपेस विषय थोडा निराळा घेतला आहे. पण तोही शेवटी उसापाशीच येतो.

आपल्या जिल्ह्यात बाहेरचा माणूस पूर्वीही येतच होता. शेगावला श्री गजानन महाराजांच्या दर्शनाला बारा महिने रीघ असते. १२ जानेवारीला, जिजाऊंच्या जन्मदिनी, सिंदखेडराजात पाय ठेवायला जागा नसते. लोणारच्या सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ते रामसर यादीत गेले, तेव्हापासून तिकडची चौकशीही वाढली. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि मेहकर, सिंदखेडराजा मोटारवाल्यांच्या वाटेवर आले. राज्य शासनाचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण आहे, पर्यटन महामंडळाची 'निवास व न्याहारी' योजना आहे. हे पाहून आपल्यापैकी काही जणांनी मळ्यात दोन-दोन खोल्या काढून एक-दोन रात्रींसाठी भाड्याने द्यायला सुरुवात केली आहे.

अशाच एका सभासदाच्या शेतावर ऊस पाहायला गेलो असता नवरा-बायकोची तक्रार आमच्यापुढे आली. मालकाचे म्हणणे, "भाडं खोलीचं. चहाचे पैसे येगळे." बाईंचे म्हणणे, "सायेब, दारात आलेल्या मानसाले पानीबी इकत द्यावं काय? पन सारं फुकट देतो म्हनलं त राबन कोन?"

दोघांचेही खरे आहे.

शेगावच्या संस्थानात महाप्रसाद विनामूल्य मिळतो, हे आपण सर्व जाणतो. पण त्यामागे भक्तांचे दान आणि सेवेकऱ्यांची सेवा आहे. आपला हा जोडधंदा आहे, अन्नछत्र नव्हे. शेगावहून घ्यायचे ते स्वच्छतेचे वळण. बाकी हिशोब आपला आपल्यालाच बसवायचा आहे.

आमचे मत असे की, थोडेच द्यावे, पण जे 'विनामूल्य' म्हटले ते खरेच विनामूल्य असावे. एकदा आम्ही बाहेरगावी एका लॉजमध्ये उतरलो होतो. मेजावर पाण्याची बाटली, बिस्किटाचा पुडा मांडलेला. आम्हांला वाटले, काय अगत्य! सकाळी बिलात दोन्ही हजर. रक्कम किरकोळ होती, पण त्या गावी पुन्हा गेलो तेव्हा पाय दुसरीकडेच वळले.

आता द्यायचे काय? आल्याबरोबर गूळ-पाणी. यासाठी पाकीटबंद काही आणू नये. गूळ पिवळाधमक दिसतो म्हणून घेऊ नका, बऱ्याचदा तो रंग हायड्रॉसचा असतो. भेंडीच्या चिकाने मळी काढलेला, तांबूस काळपट गूळ पाहुण्याला दाखवा आणि तो असा का दिसतो तेही सांगा. शहरचा माणूस हे आवडीने ऐकतो. लोणारचे विवर सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद आहे. ते उतरून-चढून आलेला माणूस घामाने भिजलेला असतो. त्याला गार माठाचे, गाळून उकळलेले पाणी आणि लिंबू-साखर-मीठ द्यावे. सरोवराचे पाणी खारट व क्षारयुक्त आहे. तिथे हात-पाय बुचकळून आलेल्यासाठी न्हाणीत गोडे पाणी आणि साबणाची नवी वडी हवीच.

रसाचे मात्र जपून. तोडलेला ऊस लवकर गाळपाला आणा, म्हणून आम्ही तुमच्या मागे का लागतो? ठेवला की साखर घटते, रस आंबू लागतो. ग्लासातल्या रसाचेही तेच. चरक धुवावा, पाहुण्यासमोर रस काढावा, लगेच प्यायला द्यावा. आदल्या दिवशीचा नको आणि कुठल्या पाण्याचा ते ठाऊक नसलेला बर्फ नको. नुकतीच फवारणी झालेल्या फडातला ऊस तर कुणालाही देऊ नये.

खोलीत स्वच्छ टॉवेल, बॅटरी, काडेपेटी, मेणबत्ती, डासांची अगरबत्ती ठेवावी. वीज जायची ती पाहुणा आल्यावरच जाते! पोट बिघडल्यास उपयोगी पडावी म्हणून क्षारसंजीवनीची दोन पाकिटे असावीत. ती नसतील तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ.

राहिला चहा. भांडणाचे मूळ तोच होता. बाई म्हणाल्या, "पाचाले धार, साहाले पाव्हन्याचा च्या, साताले मजुराचा. मंग म्या कवा निजू?" यावर आम्ही सुचवले ते असे. खोलीच्या पडवीत एक छोटी शेगडी, पातेले, गाळणी आणि दोन डब्या ठेवाव्यात. एकीत चहापत्ती, दुसरीत आपल्या कारखान्याची साखर. दूध तेवढे रात्री तापवून द्यावे. पहाटे ज्याला तलफ येईल तो करून घेईल. हा खर्च भाड्यात धरावा. चौघांना दोन वेळा चहा म्हणजे साधारण अर्धा-पाऊण लिटर दूध, चार-पाच मुठी साखर. तुमच्या गावच्या भावाने गुणून पाहा. न्याहारी मात्र विनामूल्य ठेवू नये. ती सांगितली तरच करावी, तिचा दर आधी सांगावा आणि ते पैसे बाईंच्या वहीत बाईंच्या नावे जमा करावेत. मालक यावर गप्प बसले. बाईंनी वही मागच्या आठवड्यात घातली, असे आमच्या शेतकी मदतनिसाने कळवले आहे.

एक सूचना. गाळपाचा ऊस कडक, शहरच्या पोरांच्या दातांना तो झेपत नाही. घराजवळ खाण्यासाठी पुंड्याच्या दोन-चार सऱ्या लावाव्यात. बेणे कुणाकडे शिल्लक असल्यास किंवा कुणाला हवे असल्यास आपापल्या गट कार्यालयात नाव द्यावे, आम्ही दोघांची गाठ घालून देऊ.