एकच किल्ली, दोन दारे

संध्याकाळची वेळ. मालाने भरलेली मोटार दाराशी उभी आहे, चालक घाई करीत आहे आणि ई-वे बिल अद्याप निघालेले नाही. शेठजी लग्नकार्यासाठी परगावी गेलेले. मुनीम त्यांना फोन करतात, शेठजी पासवर्ड सांगतात आणि मुनीम तो वहीच्या पुठ्ठ्यावर टिपून ठेवतात. अनेक पेढ्यांवरील हा नित्याचा प्रसंग आहे. आपण एका नव्हे, दोन दारांची किल्ली सांगितली, हे मात्र शेठजींच्या ध्यानी येत नाही.

आंतरराज्य मालवाहतुकीसाठी ई-वे बिल १ एप्रिल २०१८ पासून लागू झाले. ई-इन्व्हॉइस त्यानंतर, १ ऑक्टोबर २०२० पासून, आरंभी ५०० कोटींहून अधिक उलाढाल असणाऱ्यांसाठी आले. ई-वे बिलाच्या संकेतस्थळावर ज्यांची नोंदणी आधीच होती, त्यांना नव्या संकेतस्थळासाठी वेगळी नोंदणी करावी लागली नाही. जुनेच वापरकर्तानाव आणि जुनाच पासवर्ड तेथेही चालला. सोय मोठी झाली, यात शंका नाही. परंतु जुन्या दाराशी झालेली हयगय त्यामुळे नव्या दारापर्यंत पोहोचू लागली.

जुन्या व्यवस्थेतील ओळख नव्या व्यवस्थेत नेण्याची याहून निराळी रीत व्यापाऱ्यांनी जीएसटीच्या आगमनावेळीच पाहिली होती. केंद्रीय उत्पादन शुल्काच्या करदात्याने ‘एसेस’ या जुन्या संकेतस्थळावर आपल्या नेहमीच्या पासवर्डने प्रवेश केला की त्याला तात्पुरता क्रमांक आणि तात्पुरता पासवर्ड मिळे. तो घेऊन जीएसटीच्या संकेतस्थळावर जावयाचे आणि तेथे स्वतःचे नवे नाव व नवा पासवर्ड ठरवावयाचा. जुन्या व्यवस्थेने माणूस ओळखीचा असल्याची साक्ष दिली, पण त्याचा पासवर्ड पुढे धाडला नाही. एका पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीवर हुंडी लिहिली, तरी तिजोरीची किल्ली कोणी हुंडीसोबत पाठवीत नसे.

खरी कसोटी लागते ती दुकानातील जुनी बिलिंग प्रणाली या संकेतस्थळांशी जोडताना. प्रणाली बसवून देणारा मनुष्य सहजपणे शेठजींचाच पासवर्ड मागतो आणि तो प्रणालीच्या रकान्यात कायमचा भरून ठेवतो. वस्तुतः अशा जोडणीसाठी संकेतस्थळावर स्वतंत्र वापरकर्तानाव व पासवर्ड तयार करता येतो. तो एकदा सादर केला की संकेतस्थळ प्रणालीला एक सांकेतिक चिठ्ठी देते; तिला ‘टोकन’ म्हणतात. पुढील प्रत्येक बिलासोबत ही चिठ्ठी जाते, पासवर्ड पुन्हा जात नाही. तिची मुदत सहा तासांची. मुदती हुंडीत मुदत भरल्यावर पैसे मिळत. येथे मुदत भरली की चिठ्ठी निरुपयोगी होते, एवढा फरक. ती कोणाच्या हाती पडलीच, तरी फार काळ उपयोगी पडत नाही.

माणसांसाठीही तशीच तरतूद आहे. मुख्य वापरकर्ता मुनीम वा गोदामातील लेखनिक यांच्यासाठी उपवापरकर्ते निर्माण करू शकतो आणि कोणी कोणते काम करावे, हे ठरवू शकतो. मोबाईलवरील ओटीपीची दुसरी पायरी १ जानेवारी २०२५ पासून २० कोटींवरील उलाढालीच्या करदात्यांना सक्तीची झाली, त्यानंतर टप्प्याटप्प्याने इतरांना. बँकेच्या कोषागाराच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांपाशी असतात, तशातलाच हा प्रकार. उपवापरकर्त्याचा ओटीपी त्याच्याच मोबाईलवर येतो. त्यामुळे शेठजी परगावी असले तरी मोटार खोळंबत नाही.

मुनीम नोकरी सोडून गेले, तर त्यांचे उपखाते त्याच दिवशी गोठवता येते. मात्र जुन्या बिलिंग प्रणालीच्या रकान्यात शेठजींचा मूळ पासवर्ड अजून तसाच असेल, तर तोही त्याच दिवशी बदलावा लागेल. वहीच्या पुठ्ठ्यावरचा तर आहेच.