घोडा का बुजतो?

निपाणीहून चिकोडीमार्गे कृष्णाकाठाकडे जाऊ लागले, की अंकली हे गाव लागते. बेळगाव जिल्ह्यातील या गावाचे नाव दूर पुण्यापंढरपुरापर्यंत ठाऊक आहे, ते तेथील शितोळे सरकारांच्या घोड्यांमुळे. हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ साली ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा सोहळा सुरू केला. त्या सोहळ्यासाठी अश्व देण्याचा मान या घराण्याकडे आहे. दर वर्षी ज्येष्ठ महिन्यात, पावसाच्या तोंडावर, अंकलीहून दोन घोडे आळंदीस निघतात. हिरा आणि मोती या नावांनी लोक त्यांना ओळखतात. मिरज, सांगली, कऱ्हाड, सातारा, पुणे असा सुमारे ३०० किलोमीटरांचा रस्ता ते आपल्या पायांनी तोडतात. आणि आळंदीहून पंढरपूरपर्यंत पालखीबरोबर चालतात, ते निराळेच.

वाटेत रिंगण होते. टाळ-मृदंगांचा एकच गजर चाललेला, चोहोंकडे माणसांची दाटी, पताकांचे रान. आणि मधल्या मोकळ्या वाटेने हे दोन घोडे चौखूर धावतात. एकाच्या पाठीवर पताका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्याची पाठ रिकामी असते. घोडे गेले, की त्यांच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी लोकांची झुंबड उडते.

बालवाचकहो, हे ऐकून तुमच्या मनात एक प्रश्न यावयास हवा. रस्त्यात वाऱ्याने उडालेल्या कागदाच्या कपट्याला बुजणारा प्राणी तो हाच ना? मग एवढ्या गर्दीत तो बुजत कसा नाही? याचे उत्तर हवे असेल, तर घोड्याला हे जग कसे दिसते आणि कसे ऐकू येते, ते आधी पाहिले पाहिजे.

घोड्याला शिंगे नाहीत, वाघासारखे सुळे नाहीत, नखे नाहीत. प्रसंगी तो दुगाण्या झाडतो, चावतोही. परंतु त्याचे खरे शस्त्र म्हणजे पळणे. लाखो वर्षे त्याचे पूर्वज उघड्या माळरानावर चरत राहिले, आणि त्यांतील जे वेळीच पळाले त्यांचाच वंश पुढे चालला. शिंगरू जन्मल्यावर तासा-दोन तासांत आपल्या पायांवर उभे राहते, ते याचसाठी. तेव्हा घोडा भित्रा आहे असे म्हणून त्याला हसू नये. भय ही त्याची वंशपरंपरेने आलेली विद्या आहे.

त्या विद्येचे पहिले साधन म्हणजे डोळा. भूमीवर वावरणाऱ्या सस्तन प्राण्यांत घोड्याइतके मोठे डोळे फारच थोड्यांना आहेत. आपले डोळे चेहऱ्याच्या पुढे, घोड्याचे डोक्याच्या दोन बाजूंना, बाहुलीही आडवी. त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ सगळे वर्तुळ दिसते. ३६० अंशांपैकी सुमारे ३५० अंश! चरता चरता मागून येणारा लांडगा दिसावा, अशी ही योजना. मात्र दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसते ते समोरच्या लहानशा पट्ट्यातच, आणि वस्तू किती दूर आहे याचा नेमका अंदाज त्याला तेथेच येतो. बाजूला काहीतरी हलले एवढे त्याला तत्काळ कळते. ते काय आहे, हे कळावयास वेळ लागतो. तेवढा वेळ थांबून खात्री करून घेणारा घोडा रानात वाचला नसता. म्हणून तो आधी पळतो आणि मग वळून पाहतो. कागदाच्या कपट्याचे कोडे येथे सुटते.

एके काळी टांग्याचे घोडे आपल्या गावोगावी दिसत. त्यांच्या डोळ्यांच्या बाजूंना चामड्याची झापडे बांधलेली असत, ती याच कारणाने. मागून येणारे वाहन दिसू नये, फिरते चाक दिसू नये, म्हणजे घोडा बिथरणार नाही. आपण कोत्या विचाराच्या माणसाला 'झापडबंद' म्हणतो, तो शब्द येथूनच आला. घोड्याची झापडे निदान दुसऱ्याने बांधलेली असतात!

एवढे विशाल दर्शन असूनही घोड्याला दोन जागा दिसत नाहीत. एक, थेट शेपटीमागची. दुसरी, कपाळासमोरची आणि नाकाखालची. आपण कौतुकाने त्याच्या कपाळावर हात ठेवावयास जातो, तेव्हा तो हात जवळ येता येता त्याच्या दृष्टीतून नाहीसा होतो. घोडा डोके झटकतो, आणि आपण म्हणतो, किती खट्याळ आहे हा!

रंगांच्या बाबतीत त्याची स्थिती आपल्याहून वेगळी. निळा आणि पिवळा त्याला ओळखता येतात, पण तांबडा आणि हिरवा यांत भेद करता येत नाही. इंग्लंडातील शर्यतींत घोड्यांना अडथळे दिसावेत म्हणून वर्षानुवर्षे नारिंगी रंग देत असत. तेथील एक्सेटर विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की नारिंगी रंग माणसाला ठळक दिसतो, घोड्याला तो हिरवळीतच मिसळल्यासारखा वाटतो. त्यानंतर अडथळ्यांना पांढरा रंग देण्यास सुरुवात झाली. उडी घोड्याने मारावयाची आणि रंग माणसाच्या डोळ्याने निवडावयाचा, असा हा प्रकार इतकी वर्षे चालला होता. रात्री मात्र घोडा आपल्याहून सरस. त्याच्या डोळ्याच्या आत मांजरीप्रमाणे चकाकणारा पडदा असतो, आणि अंधूक उजेडातही त्याला वाट दिसते. फक्त उन्हातून एकदम काळोख्या तबेल्यात नेले, तर त्याची दृष्टी जुळावयास आपल्याहून अधिक वेळ लागतो. तो दाराशी अडतो. अशा वेळी चाबूक उगारणे हा शुद्ध अन्याय होय. क्षणभर थांबले, की तो आपणहून आत जातो.

कानांविषयी काय सांगावे? प्रत्येक कान स्वतंत्रपणे अर्धे वर्तुळ फिरतो. घोड्याचे लक्ष कोठे आहे, हे पाहावयाचे असेल तर त्याच्या कानांकडे पाहावे. टवकारलेले कान म्हणजे कुतूहल. मागे मानेला चिकटवलेले कान म्हणजे राग, आणि तुम्ही दूर व्हावे अशी सूचना. माणसाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, घोड्याला ३३,००० च्याही पुढचा. आपल्या कानी न पडणारी एखादी बारीक किणकिण त्याला अस्वस्थ करीत असेल, आणि आपण म्हणत असू, उगाच नाचतो आहे.

त्वचा तर इतकी जागरूक, की माशी बसली तरी तेवढीच जागा थरथरवून तो ती उडवितो. अशा अंगावर वरातीत आणि गाड्यांच्या शर्यतींत चाबूक कसा बसत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

पण घोड्याची सर्वांत नवलाची शक्ती म्हणजे माणूस वाचण्याची. जर्मनीत विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाच्या शिक्षकाचा हान्स हा घोडा बेरीज-वजाबाकीची उत्तरे खूर आपटून देत असे. १९०४ साली विद्वानांची समिती बसली. तिला कोणतीही लबाडी सापडली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने चिकाटीने परीक्षा घेतली, तेव्हा असे आढळले, की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स चुकतो. खूर योग्य आकड्यावर आला, की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलत असे, आणि ते पाहून घोडा थांबत असे. हान्सला गणित येत नव्हते, हे खरे. परंतु मालकाला स्वतःविषयी जे ठाऊक नव्हते ते घोड्याला दिसत होते. मला तरी हे गणितापेक्षा अवघड वाटते.

अलीकडे, २०१६ साली, इंग्लंडातील ससेक्स विद्यापीठात घोड्यांना अनोळखी माणसांची छायाचित्रे दाखविण्यात आली. रागीट चेहरा पाहून त्यांच्या हृदयाचे ठोके अधिक लवकर वाढले. २०२३ साली फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी तर माणसांना भीतिदायक आणि आनंददायक चित्रपट दाखवून त्यांच्या घामाचे बोळे घोड्यांसमोर धरले. भ्यालेल्या माणसाचा घाम आणि आनंदी माणसाचा घाम यांतील फरक घोड्यांच्या नाकाला कळला.

आता रिंगणाकडे परत येऊ. तेथील घोडा बहिरा झालेला नसतो. त्याचे डोळे, कान, नाक सर्व जागे असतात. पण जो आवाज पुनःपुन्हा ऐकला आणि ज्यापासून इजा झाली नाही, त्याला भिण्याचे घोडा हळूहळू सोडून देतो. अंकलीपासूनच्या वाटेवर वाहने, बाजार, पोरांचा गलका, पाऊस, सारे काही त्याच्यासमोरून रोज जाते. शिवाय त्याच्याबरोबर ओळखीची माणसे असतात. लगाम धरणारा स्वस्थ असेल, तर घोडाही स्वस्थ राहतो. आणि धरणाराच घाबरला, तर गोड शब्दांचा काही उपयोग होत नाही, हे आता निराळे सांगावयास नको. शेजारी चालणारा जोडीदारही फार मोठा आधार असतो, कारण एकटा घोडा म्हणजे कळपावाचूनचा घोडा.

म्हणून एखाद्या वरातीत किंवा रस्त्यात घोडा भेटला, तर मागून जाऊ नका. लाथेच्या टप्प्यात मुळीच नको. आधी त्याच्या सांभाळणाऱ्याची परवानगी घ्या. बाजूने, खांद्याच्या दिशेने, हलक्या आवाजात बोलत जा, आणि हात थांबवून धरा. त्याला वास घेऊ द्या. मग मानेवर किंवा खांद्यावर हात ठेवा. कपाळ राहू द्या. तो डोळे अर्धे मिटून निश्चल उभा असला, तरी आधी आवाज द्यावाच, कारण पायांच्या विशिष्ट रचनेमुळे घोडा उभ्या उभ्याही डुलकी घेतो.

गाढ झोपेसाठी मात्र त्याला आडवे व्हावे लागते, आणि आडवा झालेला घोडा चटकन पळू शकत नाही. ही झोप त्याला दिवसाकाठी अर्धा तास मिळाली तरी पुरते. पण जागेविषयी पुरती खात्री पटल्यावाचून तो ती घेत नाही. कळपात एक आडवा झाला, की बहुधा दुसरा त्याच्याजवळ उभा राहून कान फिरवीत पहारा देत असतो.